साडेतेरा हजार

फळ्यावर भौतिकशास्त्राचं गणित अर्धवट पुसलेलं,
त्याखाली हिरव्या मार्करनं ब्लाइंड : हजार, दोन हजार.
वैशंपायनांचा कोचिंग क्लास, स्नेहलतागंज.
बाकं भिंतीला लावून मधे एक लांब टेबल,
चाळीसातले नऊ उरलेले.
पैसे आठांना.

माझ्याकडे गुलामांची जोडी, इस्पिक आणि चौकट.
लहानपणी झब्बूत असले दोघे कुणाच्याही गळ्यात मारता यायचे,
हात रिकामा झाला की सुटलो.
इथं रिकामा हात म्हणजे जिना उतरून घरी.

मी साडेचार हजार पुढे केले.
मधल्यांनी पानं टाकली, कंटाळल्यासारखी.
बटनावर पिंकेश बाकलीवाल.
त्यानं चिप्स मोजल्या नाहीत, बोटांनीच ओळखल्या
आणि साडेतेरा हजार ठेवले.

बरोबर तिप्पट.
सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही.
हे त्याला शोभतं. वजनमापे खात्यात सव्वीस वर्षं काढलीत मी,
शीतलामाता बाजारातला त्याचा लोखंडी मीटर
माझ्याच हातानं तपासलाय, शिक्का मारलाय.
भाव एकदाच सांगतो तो.
गिऱ्हाईक कुरकुरलं की कापडाची घडी घालायला घेतो,
रागानं नाही,
मोडलेली घडी त्याला बघवत नाही म्हणून.

मधे एकवीस हजार पडलेत, मला घालायचेत आणखी नऊ.
राण्या, राजे, एक्के, या जोड्या अठरा प्रकारांनी येतात,
अठराही वेळा माझे गुलाम गुलामच.
एक्का-राजा सोळा प्रकारांनी, तिथं नाणेफेक.
दश्शी-नव्वीवर तो एवढं मांडणार नाही, असं वाटतं.
वाटण्याचं वजन किती?
टेबलाच्या टोकाला सोहेल मन्सूरीकडे दोनच चिप्स,
त्या दोन चिप्सवर माझी सगळी रात्र टेकलेली.

'नुसतं बघू' म्हणणं सोपं.
खात्यात आम्ही तेच करतो, फाइलवर 'अवलोकन केले' लिहितो
आणि तोच काटा पुढल्या वर्षी पुन्हा खोटा निघतो.
नऊ हजार देऊन काय घेणार मी?
तीन पानं. त्यात एक राणी उतरली
की पुन्हा हाच प्रश्न, चढ्या भावानं.

सगळंच ढकलावं, तर
ढकललं की विचार संपतो.
ओढ त्याचीच आहे, जिंकायची नाही.

आणि तरी,
ज्याचा मीटर खरा तो पत्त्यातही खरा, हे कुठल्या कायद्यात?
वर्षभर नेमकं मापणाऱ्याला
मोकळेपणानं खोटं बोलायला एवढीच तर जागा,
या हिरव्या चादरीएवढी.
मी तरी दुसऱ्या कशासाठी येते?

पानं वाटणारा ऋत्विज खाकरला.
मी बाकलीवालच्या गळ्याकडे पाहिलं, शीर उडते का.
मफलर.

गुलाम पालथेच सरकवले.
त्यानं ढीग ओढला, स्वतःची दोन पानं गड्डीवर ठेवली,
ऋत्विजनं पिसली.
बावन्नात ती दोन आता कुणालाच सापडायची नाहीत.

सोहेल पुढच्याच फेरीत उठला. मी सहावी.
भरले दोन हजार, मिळाले एकतीसशे.

रात्री दीडला सराफ्यात, गराडूच्या कढईशी
तो शेजारीच उभा, हातात द्रोण.
विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यानं,
आणि ते खरं की कसं, हे तपासायचं वजन
माझ्या पेटीत नाही.
"भिया, जीरावन थोड़ा और," तो म्हणाला.
गराडूवाल्यानं चिमूट टाकली.
बाकलीवालनं द्रोण मागे घेतला नाही,
तसाच धरून ठेवला.